पुंगळीच्या आतली खाच

जूनच्या शेवटच्या आठवड्यात भाच्याने मला चाळीस रिकाम्या पुंगळ्यांचे फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘आत्या, यातल्या कुठल्या टाकून देऊ?’

भाचा म्हणजे माझ्या दादाचा मुलगा. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी मोंटानाला गेला, तिथल्या डोंगरांत रमला आणि रीतसर परवाना काढून एल्कच्या शिकारीला जाऊ लागला. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण. तिथला रायफलीचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीला सुरू होतो, त्याआधी उन्हाळाभर नेमबाजीचा सराव. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलून आणायची, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायची (हे साइझिंग), नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवायची आणि तेच पितळ परत वापरायचं, याला तिकडे रीलोडिंग म्हणतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे आणि दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात. त्यामुळे पहिल्याच फोनवर मी त्याला बजावलं, की दाखवायला म्हणून एक रिकामी पुंगळीसुद्धा पुण्याला आणायची नाही. जे काय बघायचं ते फोनवरून.

मी बंदूक कधी हातात धरलेली नाही, पण पितळ मला कळतं. सीओईपीतून, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, मेटलर्जी केली आणि पुढे एकतीस वर्षं भोसरीतल्या एका प्रयोगशाळेत तुटलेल्या वस्तू तपासल्या. गिअरचे दात, स्प्रिंगा, नळाचे कॉक, कंडेन्सरच्या नळ्या. वस्तू का तुटली ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कोणी धातूचा तुकडा पुढे केला की हात आपोआप भिंगाकडे जातो. शिवाय पुंगळ्यांशी लांबचं नातं लहानपणापासून आहे. आम्ही बोपोडीला राहायचो, आणि शेजारचे काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीला होते. तो कारखाना १८६९ सालचा. काका घरी चहाची कपबशी घेतानासुद्धा आधी कडेवरून अंगठा फिरवायचे. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची. तो अंगठा काय शोधायचा ते मला पुढे प्रयोगशाळेत समजलं.

मग आमचं ठरलं. दर रविवारी सकाळी आठला तो फोन करणार. तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र, साडेआठ वाजलेले असतात. तो गॅरेजमधल्या टेबलाशी, मी सहकारनगरातल्या स्वयंपाकघरात.

पहिल्या रविवारी माझ्याकडून चूक झाली.

फोटो चांगले होते. मी ते मोठ्या पडद्यावर घेतले आणि एकेक पुंगळी तोंडापासून बुडापर्यंत पाहिली. तोंडाशी उभी चीर आहे का, मानेवर काही फाटलंय का, खांदा, म्हणजे मानेखाली पुंगळी रुंद होते तिथला उतार, कुठे चेपलाय का, बुडावर काय खुणा आहेत. दोन पुंगळ्यांच्या माना उभ्या चिरलेल्या होत्या, त्या लगेच बाजूला काढल्या. आणखी दोघींच्या बुडाशी प्रायमरभोवती काजळीचं काळं कडं होतं. याचा अर्थ प्रायमरची खोबण सैल झाली आहे आणि गॅस तिथून मागे सुटलाय. त्या पण बाद. चारसहांच्या खांद्यावर बारीक खोलगट डाग होते. ते साइझिंगच्या वेळी जास्त तेल लागल्याचे, तेलाला जागा मिळाली नाही की ते पितळ दाबतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पुढच्या वेळी झाडल्यावर ते आपोआप भरून येतात. बाकीच्या छत्तीस ठीक आहेत असं मी त्याला सांगितलं.

त्यातल्या बऱ्याच पुंगळ्यांवर बुडाच्या जरा वर एक चकचकीत पट्टा होता. तो मी पाहिला होता. साइझिंग डाय जिथपर्यंत उतरते तिथे असा पट्टा उमटतो आणि तो निरुपद्रवी असतो, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. म्हणून त्याच्यापाशी थांबले नाही. सोमवारी दुपारी भांडी आवरताना कुकरची रिंग हातात आली आणि मी तिथेच उभी राहिले. तो पट्टा दोन कारणांनी उमटू शकतो, आणि दुसरं कारण मी विचारातच घेतलं नव्हतं.

काडतूस झाडल्यावर पुंगळीचं काय होतं ते इथे सांगायला हवं. भाचा थर्टी-ऑट-सिक्स वापरतो, १९०६ साली अमेरिकी सैन्याने घेतलेलं काडतूस. त्यात दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जातो. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब १५ पौंडांच्या आसपास असतो, म्हणजे हा त्याच्या चार हजार पट, आणि तोही सेकंदाच्या अगदी लहानशा भागासाठी. एवढ्या दाबाने पुंगळीची पातळ भिंत फुगते आणि चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, पोलादाला गच्च चिकटते. म्हणून गॅस मागे येत नाही. दाब उतरला की पितळ जरासं आक्रसतं आणि पुंगळी सुटून बाहेर येते. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त हे मिश्रण या कामाला इतकं चपखल बसलं, की त्याचं नावच काडतुसाचं पितळ पडलं आहे.

पण बूड जाड आणि भरीव असतं. ते फुगत नाही, चिकटत नाही. पुंगळीला चेंबरमध्ये मागेपुढे जराशी मोकळीक असेल तर भिंत पुढे चिकटून बसते आणि बूड मागे बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, ढकललं जातं. मध्ये ओढाताण होते. कणकेचा गोळा दोन हातांनी ओढला की मधोमध बारीक होतो, तसं पितळ बुडापासून साधारण सेंटिमीटरभर वर, जाड भाग संपून पातळ भिंत सुरू होते तिथे, आतून बारीक होत जातं. दर वेळी थोडंथोडं. आतमध्ये गोल खाच पडते आणि बाहेर फार तर एक फिकट, उजळ रेघ दिसते. मग एके दिवशी पुंगळीचं बूड वेगळं होतं आणि पेटलेला गॅस मागे, गाल टेकवून नेम धरणाऱ्याच्या दिशेने येतो.

ही खाच फोटोत दिसत नाही. बाहेरची रेघ डायच्या पट्ट्यात सहज मिसळून जाते. मी लगेच निरोप धाडला, ‘ठीक म्हटलेल्या छत्तीसमधली एकही भरू नकोस.’ त्याचं उत्तर आलं, अजून काही भरलं नाहीये. तेव्हा कुठे मी खाली बसले.

आतून तपासायची जुनी रीत सोपी आहे. यू-पिन सरळ करायची, टोक काटकोनात वाकवायचं, कानशीने धार लावायची. मानेतून आत घालून बुडाला टेकवायची आणि टोक भिंतीला दाबत वर ओढायची. खाच असेल तर टोक तिच्यात अडखळतं. भाच्याने पिन तयार केली, घालून पाहिली आणि म्हणाला, ‘आत्या, सगळ्यांतच काहीतरी लागतंय. किती लागलं म्हणजे वाईट?’

याचं उत्तर मला तोंडी देता येईना. बुडाच्या आतल्या बाजूला गोलाई असते, ती संपून भिंत सुरू होते तिथे निरोगी पुंगळीतही टोकाला फरक जाणवतो. तो फरक आणि खाच यांत भेद करायचा तर बोटाला आधी दोन्ही माहीत हवेत. माझ्या बोटांनाही ते माहीत नव्हतं. पुंगळी तर माझ्याकडे असणार नाही. मग मी पितळ घ्यायला निघाले.

रविवार पेठेत बोहरी आळीत जुलैच्या पावसात जाणं म्हणजे एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी आणि पायाखाली चिखल. तिसऱ्या दुकानात हवा तो पाइप मिळाला. पितळी, बाहेरून बारा मिलिमीटर, आतून दहा. मापात पुंगळीच्या जवळचा. अर्धा मीटर घेतला. दुकानदाराने विचारलं, ‘ताई, पडद्यासाठी का?’ मी सांगितलं, हाताला एक गोष्ट शिकवायची आहे. त्याने आणखी काही न विचारता टोकं घासून दिली.

धायरीला एक लेथवाले काका आहेत, नोकरीत असताना माझे नमुने तेच करून द्यायचे. त्यांच्याकडून साठ मिलिमीटरचे चार तुकडे करून घेतले. एका टोकाला बूच, आणि त्या टोकापासून दहा मिलिमीटरवर आतून खाच. एकात ०.१ मिलिमीटर खोल, दुसऱ्यात ०.२, तिसऱ्यात ०.३, आणि चौथा कोरा. काकांनी पहिल्यांदा टोकदार टूलने खाचा पाडल्या. मी पिन फिरवून पाहिली तर तिन्ही लगेच कळल्या. पण हे खरं नव्हतं. ताणलेलं पितळ अशी धारदार खाच पाडत नाही, तिथे पसरट दरी होते, कडा नसलेली. म्हणून पुन्हा चार तुकडे, या वेळी गोल नाकाच्या टूलने. काकांनी अक्षरं कोरून त्यावर चिकटपट्टी लावली, कुठलं अक्षर कशाचं ते कागदावर लिहून कागद स्वतःच्या खिशात ठेवला. तोंडाशी लाकडी बूच बसवून त्याला साडेसात मिलिमीटरचं भोक पाडलं, कारण खऱ्या पुंगळीची मानही साधारण तेवढीच अरुंद असते आणि पिनेला तिथून वाकडं जावं लागतं.

दोन संध्याकाळ मी स्वयंपाकघराच्या टेबलावर दिवा मालवून हेच करत बसले. उजेड असला की डोळा मध्ये येतो आणि बोट आळशी होतं. पिन बुडाला टेकवायची. हलकेच भिंतीला दाबायची. आणि वर, अगदी सावकाश. घाई केली की ०.२ ची दरी टोकाखालून निघून जाते आणि आपल्याला वाटतं गुळगुळीत आहे. एकाच जागी ओढून भागत नाही, पाव वळसा फिरवून चार वेळा ओढावं लागतं. पिन चिमटीत घट्ट धरली तर काही कळत नाही. सतारीची तार छेडताना जेवढी पकड लागते तेवढीच हवी, टोक आत उतरलं की तो हलका हिसका बोटापर्यंत पोचतो. प्रत्येक तुकडा दहा वेळा, क्रम बदलून, टाचणवहीत खुणा करत. ०.३ दहाच्या दहा वेळा सापडला. ०.२ पहिल्या संध्याकाळी दहात पाचदा, टोक पुन्हा घासल्यावर दुसऱ्या संध्याकाळी आठदा. ०.१ मला खात्रीने कधीच सांगता आला नाही. कोऱ्या तुकड्यात दोनदा खाच आहे असं मी लिहिलं होतं.

या वहीतल्या खुणांवरून मला जे कळलं ते पुढच्या रविवारी भाच्याला सांगितलं. पिनेला खाच लागली तर ती आहे असं धर. लागली नाही तर ती नाही असं मात्र धरू नकोस, एवढंच म्हण की अजून कोवळी असेल. बाद करायला पिन पुरेशी आहे, पास करायला नाही.

त्या रविवारी आम्ही आणखी एक गोष्ट केली, जी माझ्या मनात माठामुळे आली. उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तडा असेल तर तो बद्द वाजतो. मी त्याला म्हटलं, चारपाच पुंगळ्या ओंजळीत घेऊन हलव. फोनमधून मला काही नीट ऐकू येत नव्हतं, सगळा खणखणाट एकसारखा. पण तो ऐकता ऐकता थांबला. एकेक पुंगळी टेबलावरच्या काचेवर आपटून पाहू लागला आणि एक बाजूला काढली. भिंगातून पाहिलं तर मानेच्या कडेला केसाएवढी चीर. फोटोत ती मला दिसली नव्हती. वरचा ट्यूबलाइट बंद करून बाजूने टॉर्च धरल्यावर चिरेची सावली पडली, तेव्हा ती मलाही दिसली. तपासताना उजेड वरून नको, आडवा हवा, हे मी स्वतः वर्षानुवर्षं नवीन मुलांना सांगत आले होते. फोटो मागवताना मात्र ते सांगायचं राहून गेलं होतं.

माना का चिरतात, हे सांगायला मी त्याला तांबट आळीत नेलं, म्हणजे बोलता बोलता. लहानपणी आजोळी कसबा पेठेत गेलो की दिवसभर हातोड्यांचा आवाज यायचा. मठारकाम करणारा तांबट घागरीवर ठोके घालत जातो तसं तांबं कडक होत जातं, मग तो भांडं पुन्हा भट्टीत घालतो, तापवून मऊ करतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. तापवलं नाही तर ठोक्याखाली पत्रा फाटतो. पुंगळीची मान दर वेळी झाडताना फुगते आणि दर वेळी डायमध्ये आवळली जाते, म्हणजे तिच्यावर ठोकेच पडत असतात. फक्त तिला भट्टी कोणी दाखवत नाही. मान तापवून मऊ करता येते, रीलोडिंगवाले करतातही, पण ती उष्णता बुडापर्यंत जाता कामा नये. बूड कडकच असायला हवं. ते मऊ पडलं तर ६०,००० पौंडांपुढे त्याचा काही निभाव लागणार नाही. भाच्याला हा उद्योग या वर्षी सुरू करायचा होता. मी सांगितलं, आधी तपासणी पक्की होऊ दे.

आता पिनेकडे. चाळीसपैकी पाच आधीच बाद, उरल्या पस्तीस. एकेक पुंगळी, चार वेळा, सावकाश. दीड तास लागला. माझा चहा दोनदा झाला, त्याची कॉफी तशीच गार पडली. तो प्रत्येक पुंगळीला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘बहुतेक’ म्हणायचा आणि मी लिहून घ्यायची. सतरा ‘हो’ आल्या, पाच ‘बहुतेक’, तेरा ‘नाही’.

सतरातली एक आम्ही कापली. व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने उभी, मधोमध. मग कानस, मग चारशेचा पॉलिश पेपर, मग आठशेचा, पाण्याखाली. तोंडाने सांगून दुसऱ्याच्या हाताने नमुना घासून घेणं मला जड गेलं, पण त्याने दिशा बदलून घासायला पटकन शिकून घेतलं. धुऊन, पुसून, स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून कॅमेरा जवळ आणला.

बुडाचं जाड सोनेरी पितळ, त्यातून दोन्हीकडे वर जाणाऱ्या भिंती, आणि बुडापासून साधारण दहा मिलिमीटरवर दोन्ही भिंतींत समोरासमोर, अगदी एकाच उंचीवर, एक पसरट खळगा. तळाशी काजळी साठून काळा झालेला. बाहेरून त्याच जागी ती फिकट रेघ, जी मी पहिल्या रविवारी डायचा पट्टा म्हणून सोडून दिली होती. पट्टीवरून मोजलं. शेजारी भिंत ०.९ मिलिमीटर, खळग्यात ०.५. जवळजवळ अर्धी.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘ही मी मागच्या नोव्हेंबरमध्ये डोळ्याजवळ धरून झाडलीये.’

कारण शोधायला त्या रविवारी आणखी अर्धा तास लागला, आणि तो मला सगळ्यांत समाधानाचा वाटला. साइझिंग डाय किती खाली उतरवायची याची सूचना त्याने शब्दशः पाळली होती. तळाला टेकेपर्यंत आणि त्यानंतर आणखी थोडी खाली. त्यामुळे पुंगळीचा खांदा दर वेळी गरजेपेक्षा मागे ढकलला जात होता आणि चेंबरमध्ये तेवढी मोकळीक राहत होती. व्हर्निअरला जोडायचा गेज त्याच्याकडे होता, पण वापरलेला नव्हता. झाडलेली पुंगळी आणि साइझ केलेली पुंगळी, दोन्हींचा खांदा मोजायला लावला. फरक ०.१८ मिलिमीटर. त्याच्याकडे आहे तशा बोल्ट रायफलीला ०.०५ पर्यंत पुरतो. उरलेली सगळी मोकळीक दर वेळी त्याच सेंटिमीटरवरच्या पितळाने ताणून भरून काढली.

आणि खरं तर पुंगळ्या हे सांगत होत्या. थर्टी-ऑट-सिक्सच्या पुंगळीची जास्तीत जास्त लांबी ६३.३५ मिलिमीटर. त्यापेक्षा वाढली की तोंडाकडून कातरावी लागते. मी विचारलं, आतापर्यंत किती कातरलंस? त्याने आठवून सांगितलं, एकेका पुंगळीमागे सगळं मिळून मिलिमीटरच्या आसपास. हे पितळ आलं कुठून? बाहेरून तर कोणी घातलं नाही. ते पुंगळीच्याच अंगातून पुढे सरकलं, आणि त्यातला मोठा वाटा त्या खळग्यातला होता. तोंडाशी कातरलेला चुरा म्हणजे आतल्या खाचेचा हिशेब, आणि तो दर वेळी केराच्या डब्यात जात होता.

आता खरा वाद झाला. मी म्हटलं, चाळीसच्या चाळीस मोडीत काढ. तो म्हणाला, तेरा तर ‘नाही’ आल्यात. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, चांगलं पितळ तिकडेही महाग आहे. पण मी विचारलं, कुठली पुंगळी किती वेळा झाडलीस? तेव्हा कळलं की या दोन खोक्यांतल्या पुंगळ्या आहेत, वीस-वीस. एक खोकं सहा वेळा झाडलेलं, दुसरं दोन वेळा. कंपनी एकच, बुडावरचे शिक्के एकसारखे, आणि धुताना सगळ्या एकाच बरणीत मिसळल्या. सहा वेळा झाडलेल्या ज्या पिनेने पकडल्या नाहीत, त्या त्या तेरात बसल्या असतील. माझी स्वतःची बोटं ०.२ च्या दरीला दहात दोनदा चुकली होती. प्रयोगशाळेत जी वस्तू कुठल्या लॉटमधली हे सांगता येत नाही, तिला आम्ही सर्वांत वाईट लॉटमधली धरायचो. हे कठोर आहे, मला माहीत आहे, आणि यात चांगला माल वाया जातो. तरी मी यावरून हलले नाही. त्याच्या वडिलांनी माझ्याकडून राखी बांधून घेताना जे काही मानलं असेल त्या जोरावर सांगते, असंही म्हणाले.

शेवटी त्याने चाळीसही पुंगळ्यांची तोंडं पक्कडीने दाबून चपटी केली, म्हणजे चुकूनही कोणी पुन्हा भरणार नाही. त्यांचा ढीग मला फोनवर दाखवला आणि मगच भंगाराच्या डब्यात टाकला.

ऑगस्टमध्ये त्याने नवीन वीस घेतल्या. त्या वेळी एक छोटी गोष्ट वेळेवर कळली. सरावाला झाडून आणल्यावर पुंगळ्या चमकवायला त्याने एक पातळ पॉलिश आणलं होतं. मी विचारलं, वास कसा आहे? म्हणाला, नाकात झिणझिण्या येतात. अमोनिया. ते परत करायला लावलं आणि पितळाला अमोनियाचं काय वावडं आहे ते सांगितलं, कारण ती गोष्ट आपल्याच पावसाळ्याची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली असायची. न झाडताच त्यांच्या पुंगळ्या तडकायच्या. ऋतूप्रमाणे यायचं म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचं कारण उलगडून दाखवलं. घडवताना पितळात राहिलेला ताण, पावसाळी दमट हवा आणि लिदीमुतातून सुटणारा अमोनिया, हे तिन्ही एकत्र आले की पितळाच्या कणांमधल्या सीमांवरून तडे धावतात. घडवल्यावर पितळ मंद आचेवर तापवून ताण घालवला की तडकणं थांबतं. कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा जो उग्र वास येतो तोही याच कुळातला, पण तिथे काम क्षणाचं असतं आणि भांडं धुऊन घेतलं जातं. ताणलेली, आवळलेली पुंगळी अमोनियात भिजवून ठेवणं वेगळं. भाच्याने मग मक्याच्या कणसाच्या भुग्यात पुंगळ्या घोळवायचं जुनं यंत्र वापरायला काढलं. चमक कमी येते. तपासायला पितळ स्वच्छ लागतं, चकाकतं लागत नाही.

त्याच पुंगळ्यांच्या तोंडातून टॉर्च मारून त्याने बुडाचं भोक दाखवलं. मधोमध एकच. हे बॉक्सर पद्धतीचं, ज्यात जुना प्रायमर सळईने सरळ बाहेर पाडता येतो. दोन बारीक भोकं असती तर ते बर्डन पद्धतीचं, आणि घरच्या रीलोडिंगला ते गैरसोयीचं. बॉक्सर इंग्रज होता आणि त्याची पद्धत अमेरिकेत रुजली, बर्डन अमेरिकन आणि त्याची पद्धत युरोपात. हे भाच्यानेच मला सांगितलं, आणि मला ते फार आवडलं.

नवीन विसांसाठी त्याने वही केली आहे. रकाने मी आखून दिले. पुंगळ्या एकाच डब्यात, दुसऱ्या कुठल्याही डब्यात मिसळायच्या नाहीत, डब्यावर तारीख. किती वेळा झाडल्या, साइझ करण्याआधी आणि नंतर खांदा किती, कातरलं किती, पिनेला काय लागलं. डाय त्याने पाव वळसा, मग आठवा हिस्सा असं करत वर घेतली आणि खांद्याचा फरक ०.०४ वर आणला. तो आकडा त्याने मला रात्री दोन वाजता पाठवला, त्याच्या रात्रीच्या दोन.

गणपती झाल्यावर दादा आणि वहिनी त्याच्याकडे गेले. वहिनीच्या बॅगेत चकलीचा डबा, भाजणी आणि एका मोज्यात गुंडाळलेले माझे चार पितळी तुकडे होते, चिकटपट्टीसकट. पुंगळी नव्हे, नुसता पाइप. उत्तरांचा कागद माझ्याकडेच ठेवला. चौथ्या दिवशी भाच्याचा निरोप आला, ‘अ मध्ये ०.३. ब कोरा. ड मध्ये ०.२. क मध्ये काही नाही.’

मी कागद उघडून पाहिला. अ आणि ड बरोबर होते. ब खरंच कोरा होता. क मध्ये ०.१ ची खाच होती. तेवढं कळवलं आणि लिहिलं, की टोक आणखी बारीक घास आणि दिवा मालवून पुन्हा बघ.